वजा यादी

कुसरखिंडीच्या बोगद्यावर त्या यंत्राला कुणीही त्याच्या खऱ्या नावानं हाक मारत नसे. कागदोपत्री ते नाव दीड ओळीचं होतं आणि त्यात 'प्रकाश-उत्तोलित' असा एक शब्द होता. तो उच्चारताना प्रकल्पप्रमुख रणदिवे साहेबसुद्धा दर वेळी एकदा अडखळत. मजुरांनी पहिल्याच आठवड्यात यंत्राचं बारसं करून टाकलं. दाणा! "बाईंचा दाणा काय म्हणतोय?" असं विचारल्याशिवाय सकाळची पाळी आत जात नसे.

बाई म्हणजे शलाका दाभोळे. वय चौतीस, पुण्याच्या प्रयोगशाळेतून दाण्याबरोबरच इथे आलेली, आणि दाण्याइतकीच किरकोळ गोष्टींनी अस्वस्थ होणारी. हे शेवटचं तिच्या नवऱ्याचं मत.

दाणा खरोखरच दाणा होता. काचेचा, केसाच्या जाडीत पाचशे बसतील एवढा. हवा काढून घेतलेल्या एका डब्यात, लेसरच्या किरणात, कशालाही न टेकता तो तरंगत असे. प्रकाशालाही ढकलण्या-ओढण्याची ताकद असते. आपण फार जड, म्हणून आपल्याला ती जाणवत नाही. एवढ्याशा दाण्याला मात्र ती पुरते. किरण जिथे सगळ्यात दाट होतो, तिथे दाणा ओढला जातो आणि तिथेच राहतो.

राहतो म्हणजे थरथरत राहतो. जगातली प्रत्येक वस्तू आतून थरथरत असते आणि त्या थरथरीलाच आपण उष्णता म्हणतो. तेव्हा दाणा थंड करायचा म्हणजे त्याला बर्फात ठेवायचं नाही, त्याची थरथर काढून घ्यायची. त्याच्यावरून उडालेला प्रकाश सांगतो, की दाणा या क्षणी कुठे आहे आणि कुठे निघाला आहे. तो डावीकडे निघाला की लेसरनं त्याला उजवीकडे हलकासा धक्का द्यायचा, वर निघाला की खाली. चालता झोपाळा थांबवताना आपण येणाऱ्या झोक्याला उलटा हात लावतो, तसंच. फक्त हे सेकंदाला लाखो वेळा करायचं. मग शेवटी दाण्यापाशी तेवढीच हालचाल उरते, जी काढून घ्यायला निसर्गाचीच परवानगी नाही. बाहेर एप्रिलचं ऊन पत्रे तापवत असताना शलाकाच्या खोलीतला तो दाणा तारकांमधल्या अंधारापेक्षाही थंड असे.

एवढा शांत दाणा हलला, तर तो स्वतःहून हललेला नसतो. खडकात पुढे पोकळी असेल तर त्या बाजूची ओढ कणभर कमी होते आणि दाणा कणभर सरकतो. असं सरकून त्यानं वर्षभरात दोनदा पाण्यानं भरलेल्या पोकळ्या आधीच दाखवून दिल्या होत्या आणि दोन पाळ्यांचे जीव वाचवले होते. त्यानंतर खडकाला लावून ऐकायची जुनी यंत्रं रणदिव्यांनी परत पाठवून दिली. दाणा असताना ती कशाला, असं सगळ्यांचंच मत पडलं. शलाकाचंही.

अडचण एकच होती. दाण्याला नको ते सगळं ऐकू यायचं. हौसाक्कांच्या मेसमधला मिक्सर, चारची एसटी, कॉलनीतल्या देवळाची घंटा, पाण्याचा पंप, कुणाच्या तरी बुलेटचं फाटलेलं सायलेन्सर. या सगळ्याची खडकातून येणारी धडधड दाण्यापर्यंत पोचायची आणि मोजमापाचा पार विचका करायची. त्यावर शलाकानं उपाय काढला, वजा यादी. एकेक आवाज घ्यायचा, त्याची तऱ्हा यंत्राला शिकवायची, नाव देऊन यादीत टाकायचा. पुढे तो आवाज पुन्हा आला की यंत्र त्याला बरोबर ओळखे आणि पडद्यावर येण्याआधीच पुसून टाके. यादीत दोनशे अकरा नोंदी होत्या. शलाकाला तिचा इतका अभिमान, की पाहुण्यांना ती दाण्याआधी यादी दाखवी.

त्यातली एकशे अठरावी नोंद तिच्या नवऱ्याची होती.

उन्मेष बोगद्याचा भूगर्भतज्ज्ञ. रोज सकाळी आठ-सव्वाआठला तो बोगद्याच्या तोंडाशी, म्हणजे जिथे खोदकाम चालू असे तिथे, पोचायचा आणि हातोडीनं खडकावर ठोके द्यायचा. तीन जलद, थोडं थांबून एक. खडकाचा आवाज ऐकायला एक ठोका पुरतो. उरलेले तीन बायकोसाठी. पोचलो गं, एवढाच त्यांचा अर्थ. लग्नानंतर पहिल्यांदा पडद्यावर ती तीन आणि एक शिखरं उमटलेली पाहून शलाका खुर्चीतून उडालीच होती. तीन किलोमीटर डोंगराच्या आतून आपला नवरा आपल्याला हाक मारतोय, आणि जगात फक्त आपल्याला ती कळतेय!

पण कौतुक दोन महिने टिकलं. दाणा त्या ठोक्यांनी असा काही हादरायचा, की पुढची वीस मिनिटं मोजमाप फुकट.

"ते ठोकणं बंद कर ना," ती एकदा म्हणाली. "रणदिवे माझ्यावर डाफरतात."

"तुझ्या दाण्याला सांग, घरचा माणूस आहे. मनावर घेऊ नको म्हणावं."

तो ऐकणाऱ्यातला नव्हता. तेव्हा शलाकानंच चाळीस दिवस यंत्राला त्याचे ठोके शिकवले. जोरातले, हळू, सर्दी झालेली असतानाचे, घाईतले. मग ते यादीत टाकले आणि नोंदीला नाव दिलं, 'घरचा माणूस'. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला पडद्यावरची रेघ सरळ गेली. रणदिवे खूश झाले.

उन्मेषला मात्र तिनं हे सांगितलं नाही. आधी सांगायचं राहून गेलं, मग सांगवेना. संध्याकाळी बूट काढता काढता तो विचारायचा, "आज ऐकलंस?" आणि ती भाजी परतता परतता म्हणायची, "ऐकलं." तो हसायचा. नवरा-बायकोत असली किती खोटी बोलणी असतात, त्यांच्यानं संसार मोडत नाही. उलट जरा बराच चालतो.

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बोगद्याचं छत खाली आलं.

पुढे नाही, मागे आलं. दाण्याची नजर पुढच्या खडकावर होती आणि तोंडाच्या दीडशे मीटर मागचा, सगळ्यांनी पक्का समजलेला भाग खाली बसला. आत आठ माणसं होती. सात मजूर आणि उन्मेष. मजुरांचा मुकादम म्हादबा शेलार, तीस वर्षं बोगद्यांत घालवलेला माणूस. बाकीचे त्याच्याच हाताखाली तयार झालेले.

धक्क्यानं दाणा किरणातून निसटला. नवा दाणा पकडून थंड करायला पाऊण तास लागला. पडद्यावरची दाण्याची थरथर हळूहळू कमी होत चालली होती. दाणा शांत झाला तेव्हा रणदिवे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते.

"माणसं दोनच ठिकाणी असू शकतात," ते म्हणाले. "एक तर तोंडाशी, नाही तर अलीकडच्या बगलखोलीत, अवजारं ठेवतो तिथे. दोन्हीकडे जायचे रस्ते वेगळे आहेत आणि भोक पाडायचं मशीन एकच आहे. दाणा सांगेल तिकडे लावतो."

मग सगळं थांबवलं. जनरेटर बंद, पंखे बंद, घाटातली वाहतूक अडवलेली. हौसाक्कांनी मेसमधल्या शेगड्यासुद्धा विझवल्या. दोनशे माणसं उन्हात जागच्या जागी उभी राहिली, चपलेचाही आवाज होऊ नये म्हणून काहींनी चपला काढल्या. दहा मिनिटं शलाकानं पडद्यावरची नजर हलवली नाही. खबरदारी म्हणून यादी तिनं आणखी कडक करून ठेवली होती. बारीकसा ठोका आलाच, तर तो दुसऱ्या कशात हरवायला नको.

इतकी सरळ रेघ तिनं कधी पाहिली नव्हती.

"तोंडाकडे किंचित काहीतरी आहे," ती अखेरीस म्हणाली. "हालचाल असेल, पाणीही असेल. बगलखोलीत काही नाही."

"नक्की?"

"तिथे काहीही नाही, साहेब."

मशीन तोंडाच्या रस्त्याला लागलं. संध्याकाळी एकदा, बुधवारी उजाडल्यावर एकदा, असं आणखी दोनदा सगळं थांबवून ऐकलं. दोन्ही वेळा तेच. उन्मेष जिवंत असता तर ठोकल्याशिवाय राहिला नसता, हे शलाकाला पक्कं ठाऊक होतं. रडायला बसावं तर पडद्यावर कोण बघणार? ती बघत राहिली.

बुधवारी दुपारी बाराला हौसाक्का ताट घेऊन आल्या. मेस चालवणारी ही बाई कॉलनीतल्या सगळ्यांची आईच. तिनं भाकरीचा तुकडा मोडून शलाकाच्या हातात कोंबला आणि पडद्याकडे बघितलं.

"आजून कायच न्हाई?"

शलाकानं मान हलवली.

"आसं कसं गं? रोज सकाळी सायेब तुज्यासाठी ठोकत्यात. समद्या कॉलनीला म्हाईत हाय. आन् आज जिवावर बेतल्यावर ठोकायचं सोडतील व्हय? तीन आन् येक. त्येच ठोकत आसतील बघ. तुज्या दाण्याला घरच्या माणसाची वळख न्हाई व्हय?"

भाकरीचा तुकडा शलाकाच्या हातातून गळून पडला.

दाण्याला ओळख होती. चाळीस दिवस खपून तिनंच ती करून दिली होती.

यादी उघडून एकशे अठरावर यायला तिला तीन सेकंद लागले असतील. नोंदीपुढची खूण तिनं काढली. रेघ सरळच गेली. एक मिनिट, दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर तीन शिखरं उमटली, थोडी जागा, आणि एक.

हौसाक्कांनी हात जोडले.

यंत्र न पुसलेलं मूळ मोजमापही साठवून ठेवत असे. तिनं मागे जाऊन पाहिलं. मंगळवारी दुपारी नवा दाणा शांत झाला, त्या पहिल्या मिनिटापासून ठोके होते. तीन आणि एक. दोनशे माणसं उन्हात चपला काढून उभी होती तेव्हाही होते. "तिथे काहीही नाही" हे तिचे शब्द हवेत होते तेव्हाही. दर पाच-सात मिनिटांनी, चोवीस तास. आणि सगळे बगलखोलीतून.

ती धावत रणदिव्यांकडे गेली. "साहेब, ते बगलखोलीत आहेत. मी त्याला वजा केलं होतं. चूक माझी आहे, यादीत मीच..."

"ते नंतर," रणदिव्यांनी तिला मध्येच तोडलं. "दिशा नक्की का?"

"नक्की."

"मशीन काढून तिकडे लावायचं आणि पोचायचं. अठरा तास धरा." आणि ते पळाले.

अठरा तास. मंगळवारी दुपारी एक वाजता हेच मशीन तिकडे लागलं असतं, तर आज सकाळी सातला माणसं बाहेर आली असती. हा हिशेब तिला करायचा नव्हता, पण तो आपोआप झाला आणि मग डोक्यातून हलेना.

तोंडाच्या रस्त्यावर मशीन दाण्यापासून लांब होतं आणि त्याची घरघर यादी पुसत होती; या रस्त्यावर ते जवळ आलं आणि ते चालू असताना ऐकता येईना. त्या हादऱ्यात दाणा किरणात टिकलाच नसता, म्हणून यंत्र झाकून ठेवावं लागे. ऐकायचं तर मशीन थांबवायला हवं, आणि मशीन थांबलं की पोचायला उशीर. दुपारी चार वाजता रणदिव्यांनी पाच मिनिटं थांबवलं. पुन्हा दाणा धरून शांत करण्यात खरं तर पाऊण तास गेला. ठोके आले. तीन, एक. जरा जड वाटले, पूर्वीपेक्षा सावकाश. दमला असेल, शलाकाच्या मनात आलं. हात बदलला असेल.

"आलो रे," ती पडद्याला म्हणाली. "आलो आम्ही. थोडा दम धर."

दाण्याला कान होते, तोंड नव्हतं. जगातलं सगळ्यात शांत यंत्र समोर होतं, त्यातून तिला डोंगरापलीकडचा नवऱ्याचा हात दिसत होता आणि त्याला एक शब्द कळवायची सोय नव्हती. खडकावर डोकं आपटलं असतं तरी ते आत पोचलं नसतं.

आठ वाजता रणदिव्यांनी विचारलं, "पुन्हा ऐकायचं का? तुम्ही म्हणाल तसं. पाऊण तास जाईल."

तिला ऐकायचं होतं.

"नको," ती म्हणाली. "मशीन थांबवू नका."

त्यानंतर तिनं काही ऐकलं नाही. बंद पडद्यासमोर ती बसून राहिली आणि मशीनची घरघर ऐकत राहिली.

गुरुवारी उजाडता उजाडता मशीननं ढकलत नेलेला, माणूस सरपटेल एवढा पाइप बगलखोलीत घुसला. बाहेर एकच ओरडा झाला. कुणी नारळ फोडला, कुणी एकमेकांना मिठ्या मारल्या. वार्ताहर तर आदल्या दिवशीच येऊन ठाकले होते. काचेच्या दाण्यानं आठ जणांना शोधलं, असं त्यातला एक जण कॅमेऱ्यासमोर तावातावानं सांगत होता. शलाका पाइपच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. एकेक माणूस चाकाच्या फळीवर झोपवून ओढून काढत होते. एक, दोन, तीन. धुळीनं सगळ्यांचे चेहरे सारखेच झालेले. दर वेळी ती पुढे व्हायची आणि दर वेळी तो दुसराच कुणी असायचा.

सातवा म्हादबा. सगळी पोरं बाहेर गेल्याशिवाय तो फळीवर चढला नव्हता. त्याच्या हातात उन्मेषची हातोडी होती. तिच्या दांड्याला शलाकाच्याच जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळलेली होती.

शलाकाला पाहिल्याबरोबर तो उठून बसायला लागला. डॉक्टरांनी त्याला दाबून धरलं.

"ताई," तो म्हणाला. "ताई, सायेब ग्येले वो."

तिला ते ऐकू आलं. अर्थ लागायला मात्र वेळ लागला.

"कधी?"

"काल सकाळी. धाच्या सुमाराला. पायावर दगुड आला व्हता, रगात थांबंना. तरीबी पयल्यांदा हातुडी त्येंनीच घेतली. म्हनले, म्हादबा, तीन आनि येक. ह्यात बदल करायचा न्हाई. ह्ये रोज तिला ऐकू जातं, ती लगीच वळखंल. दुसरं कायबी वाजवू नका, उगं घोटाळा व्हईल." म्हादबाला धाप लागली, पण तो थांबेना. "हात चालंना तवा आमी पाळ्या लावल्या. त्ये पडल्या पडल्या मोजत व्हते. चुकलं की म्हनायचे, आसं न्हाई, पुन्यांदा. शिकवून शिकवून आमचे ठोकं पार त्येंच्यावानी करून घेतले. किसन्या तर पयल्याच तासाला येडा झाला, हातात यील त्ये घिऊन भिताडावर बडवाय लागला. मी त्येला धरून बसवला. म्हनलं, सायबांचा शबुद हाय. त्ये ग्येल्यावरबी आमी त्येच ठोकलं, ताई. येकदाबी चुकलो न्हाई."

किसननं जे बडवलं होतं, ते यादीत नव्हतं. नवा दाणा शांत होईपर्यंत त्याला कुणी धरलं नसतं, तर ते पडद्यावर डोंगराएवढं दिसलं असतं. शलाकाला हे समजलं आणि तिनं पाइपची कड घट्ट धरली. तिच्याच ओळखीवर विसंबून त्यानं सात माणसांना आपल्यासारखं ठोकायला शिकवलं होतं. त्यानं आत जे शिकवलं, तेच तिनं बाहेर यंत्राला शिकवून ठेवलं होतं.

म्हादबानं हातोडी तिच्या हातात दिली. त्याचे तळवे सोलून निघाले होते.

"तुमास्नी ऐकू आलं न्हवं, ताई? सायेब सारकं इचारत व्हते. ऐकलं आसंल का रं तिनं? मी म्हनायचो, ऐकलं आसंल की."

तिला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंही. समोर तो सोललेल्या हातांचा, दोन दिवस न चुकता ठोकत राहिलेला म्हातारा तिच्याकडे बघत होता.

"ऐकलं, मामा," ती म्हणाली.

"पयल्यापास्नं?"

"पहिल्यापासून."

म्हादबानं समाधानानं डोळे मिटले. त्याची फळी उचलून अँब्युलन्सकडे नेली. शलाका हातोडी छातीशी धरून तिथेच उभी राहिली. खरं काय ते कुणाला तरी एकदा सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं. पण ज्याला सांगायचं होतं तो आठवा होता, आणि त्याला आणायला माणसं आत्ताच पाइपमध्ये शिरली होती.